उत्तरेच्या वाटेवरील पाऊलखुणा

आपल्या पंचक्रोशीतील वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ‘उत्तरेची यात्रा’ हे शब्द आले की त्यांचा स्वर हळुवार होत असे. १९७१ साली रुंद होईपर्यंत पुणे-मिरज लोहमार्ग मीटर गेजचा होता. त्यामुळे सम्मेदशिखरजी, अयोध्या, हस्तिनापूर या पुण्यक्षेत्रांकडे निघालेला यात्रेकरू कोरेगाव स्थानकावर गाडीत बसला, तरी पुण्यास उतरून वळकटी, ट्रंक, डबे सावरीत त्याला पुढची गाडी धरावी लागे. सोबत दशम्या, लाडू आणि पाणी गाळण्याचे फडके असे. धावत्या गाडीतही सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची धडपड चाले. मधुबनात पोहोचल्यावर पहाटेच्या अंधारात काठी टेकीत पहाड चढावयाचा. चढ ९ किलोमीटर, टोंकांची वंदना ९ आणि उतार ९, अशी ही २७ किलोमीटरची वाट. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीचे ते दर्शन म्हणजे घराची आयुष्यभराची शिदोरी.

आगगाडीनेही दूर वाटणारी ही उत्तर आपल्याच भागातील एका महापुरुषाने पायी गाठली होती. चारित्रचक्रवर्ती परमपूज्य आचार्य श्री शांतिसागर महाराजांचा जन्म १८७२ साली भोज परिसरात झाला, तर आचार्यपद त्यांना १९२४ साली सांगलीजवळील समडोळी येथे प्राप्त झाले. उत्तर भारतात दिगंबर मुनींचा विहार त्या काळी जवळजवळ लुप्त झाला होता. अशा वेळी १९२७ च्या अखेरीस, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज-बाहुबली येथून, महाराजांचा संघ शिखरजीकडे निघाला. मुंबईच्या एका जवेरी कुटुंबाने यात्रेची व्यवस्था पाहिली. १९२८ च्या फाल्गुनात संघ शिखरजीस पोहोचला. त्यानंतरचे चातुर्मास कटनी, ललितपूर, मथुरा आणि १९३१ साली दिल्ली असे झाले.

ही वाट फुलांची नव्हती. धौलपूर संस्थानातील राजाखेडा येथे शस्त्रे घेतलेला जमाव संघावर चालून आला. पुढे हल्लेखोर पकडले गेले, तेव्हा त्यांना सोडून द्यावे असा आग्रह महाराजांनी धरला. दिल्लीत मुनींच्या संचारावर निर्बंध होते. त्यांना न जुमानता महाराज प्रमुख स्थळी गेले आणि तेथे छायाचित्रे काढू दिली. प्रसिद्धीचा त्यांना लोभ नव्हता. दिगंबर मुनी राजधानीत मुक्तपणे वावरले, याचा पुरावा पुढील पिढ्यांना मिळावा, हाच त्यामागील हेतू होता. क्षमा आणि निर्भयता एकाच अंतःकरणात कशा नांदतात, हे त्या विहाराने दाखविले.

दक्षिणेत परतल्यावर आपल्या जिल्ह्यातील फलटण येथे १९५२ साली महाराजांचा हीरक महोत्सव साजरा झाला. १८ सप्टेंबर १९५५ रोजी कुंथलगिरी येथे, ३६ दिवसांच्या सल्लेखनेनंतर, त्यांनी देह ठेवला.

याच परंपरेतील पुढचे पाऊल हिमालयात पडले. भगवान ऋषभदेवांची निर्वाणभूमी असलेले अष्टापद म्हणजे कैलास, अशी श्रद्धा असल्याने हिमालय जैनांना परका नाही. सीमाभागातील शेडबाळ येथे १९२५ साली जन्मलेले मुनी श्री विद्यानंद महाराज १९७० साली बद्रीनाथपर्यंत गेले. त्या वर्षीचा त्यांचा चातुर्मास गढवालमधील श्रीनगर येथे झाला. मराठी-कन्नड मुलखातील मुनीचे अनवाणी पाय हिमभूमीस लागले, ही आपल्या भागाला धन्य वाटावी अशी घटना होय.

आज गाडीत जागा आधीच राखून ठेवता येते आणि चार दिवसांत शिखरजीचे दर्शन घेऊन परतता येते. सोय झाली हे चांगलेच. तथापि महिना-दीड महिना घराबाहेर राहून, धर्मशाळेच्या ओसरीवर अनोळखी साधर्मींशी जी नाती जुळत, ती आता दुर्मीळ झाली आहेत. त्या यात्रेकरूंपैकी फार थोडे आज आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी कोठेही लिहून ठेवलेल्या नाहीत. त्या त्यांच्यासोबतच जातील.

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात म्हणूनच एक नम्र विनंती करावीशी वाटते. घरातील आजी-आजोबांजवळ बसावे, भिंतीवरील शिखरजीच्या तसबिरीखाली त्यांची यात्रा ऐकावी आणि वहीत उतरवून ठेवावी. मुनींच्या पाऊलखुणा इतिहासाने जपल्या. आपल्या वडिलांच्या पाऊलखुणा आपणच जपावयाच्या आहेत.

जय जिनेंद्र!