क्वांटम टेलिपोर्टेशन: केबल तुटली तर माहिती कशी जाणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्रतळावरील केबल तुटल्या आणि संयुक्त अरब अमिरातीपासून भारतापर्यंत इंटरनेट मंदावले. बाधित झालेल्या ‘एसएमडब्ल्यू-४’ आणि ‘आयएमईडब्ल्यूई’ या केबल फुजैरा व मुंबई या दोन्ही ठिकाणी किनाऱ्याला लागतात. क्वांटम टेलिपोर्टेशन आले की अशा केबलची गरजच उरणार नाही, असा समज अनेकदा ऐकू येतो. हा समज चुकीचा आहे. या तंत्राचे खरे मोल जाणून घ्यायचे तर आधी त्याचे कार्य समजून घ्यावे लागते.

टेलिपोर्टेशन म्हणजे काय?

यात वस्तू किंवा कण प्रवास करत नाही. कणाची क्वांटम अवस्था तेवढी दुसऱ्या कणावर उतरते. समजा, प्रेषक मुंबईत आणि ग्राहक दुबईत आहे. परस्परांशी गुंतलेल्या फोटॉनच्या जोडीतील एकेक फोटॉन दोघांकडे आधीच पोहोचलेला असतो. प्रेषक आपला फोटॉन आणि पाठवायची अवस्था असलेला कण यांचे एकत्रित मापन करतो. चार संभाव्य निष्पत्तींपैकी एक मिळते आणि मूळ अवस्था त्याच क्षणी नष्ट होते. ही निष्पत्ती, म्हणजे केवळ दोन बिट, प्रेषक नेहमीच्या मार्गाने कळवतो. तिच्यानुसार ग्राहक आपल्या फोटॉनवर योग्य ती क्रिया करतो आणि मूळ अवस्था दुबईत साकार होते.

ते दोन बिट येईपर्यंत ग्राहकाच्या हाती उपयुक्त असे काहीच नसते. म्हणूनच टेलिपोर्टेशन प्रकाशापेक्षा वेगवान होऊ शकत नाही आणि नेहमीचे दळणवळण खंडित झाले तर तेही थांबते.

अंतराची अडचण

चार्ल्स बेनेट, विल्यम वूटर्स आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ही कल्पना मांडली. १९९७ मध्ये इन्सब्रुक येथे अँटोन झाइलिंगर यांच्या गटाने ती फोटॉनवर प्रत्यक्षात आणली. गुंतलेल्या फोटॉनवरील कार्यासाठी झाइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २०१२ मध्ये कॅनरी बेटांदरम्यान १४३ किलोमीटर, तर २०१७ मध्ये तिबेटमधून चीनच्या ‘मिशियस’ उपग्रहापर्यंत कमाल सुमारे १,४०० किलोमीटर अंतर गाठले गेले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्रेम कुमार यांच्या गटाने इंटरनेटची वाहतूक सुरू असलेल्या ३० किलोमीटर लांबीच्या तंतूतूनही टेलिपोर्टेशन घडवले. वेगळी तंतुवाहिनी टाकावी लागणार नाही, ही आशा या प्रयोगाने निर्माण केली.

उत्तम प्रतीच्या तंतूतही १०० किलोमीटरनंतर शंभरातील सुमारे एकच फोटॉन शिल्लक राहतो. समुद्राखालील केबलमध्ये ठरावीक अंतरावर वर्धक बसवून नेहमीचा संकेत पुन्हा सशक्त करता येतो. अज्ञात क्वांटम अवस्थेची मात्र हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले. दुबई-मुंबई हवाई अंतर सुमारे १,९०० किलोमीटर आहे. एवढ्या लांबीच्या तंतूत सेकंदाला एक अब्ज फोटॉन सोडले, तरी विश्वाच्या वयाइतक्या काळात त्यातील एकही पलीकडे पोहोचण्याची शक्यता नगण्य आहे. यावर मार्ग दोनच: अद्याप प्रयोगावस्थेत असलेले क्वांटम रिपीटर किंवा उपग्रह.

अबूधाबी आणि भारत

अबूधाबीच्या टेक्नॉलॉजी इनोव्हेशन इन्स्टिट्यूटने उपग्रहाचा मार्ग धरला आहे. तिथल्या अल सदीम वेधशाळेत संस्थेने क्वांटम प्रकाशीय भूस्थानक उभारले आहे. अवकाशात फोटॉन शोषला जात नाही; वातावरणाचा थर तेवढा पार करावा लागतो. अशा स्थानकांचे पहिले उद्दिष्ट क्वांटम कूटकळीचे वितरण हे आहे. मध्येच कोणी डोकावल्यास फोटॉनच्या अवस्थेत बदल होतो आणि हेरगिरी उघड होते, या तत्त्वावर ते चालते. टेलिपोर्टेशन हा त्यापुढचा टप्पा असून दूरदूरचे क्वांटम संगणक एकमेकांना जोडणे हा त्याचा मुख्य उपयोग ठरेल.

भारताने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. देशांतर्गत २,००० किलोमीटरपर्यंत उपग्रहाद्वारे सुरक्षित क्वांटम संपर्क हे तिचे एक लक्ष्य आहे. या मोहिमेत दळणवळणाचे केंद्र आयआयटी मद्रासकडे, तर संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे.

आज काय करावे?

आज चोरून साठवलेली सांकेतिक माहिती उद्याच्या शक्तिशाली क्वांटम संगणकाने उलगडली जाऊ शकते. बँकेचे व्यवहार, रुग्णांच्या नोंदी, कायदेशीर दस्तऐवज अशी अनेक वर्षे गोपनीय राहायला हवी असलेली माहिती त्यामुळे आताच धोक्यात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके संस्थेने, ‘निस्ट’ने, ऑगस्ट २०२४ मध्ये या धोक्याला तोंड देणारी तीन कूटमानके जाहीर केली. ती सध्याच्याच संगणकांवर आणि केबलवर चालतात. आखाती देशांतील माहिती तंत्रज्ञान व वित्त क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी टेलिपोर्टेशनची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या संस्थेत कोणती जुनी कूटपद्धती कुठे वापरात आहे, याची यादी करणे हे पहिले काम आहे आणि ते आजच सुरू करता येते.