नफा नाही, म्हणून पाया नाही?

विकेंद्रित आणि वापरणाऱ्याच्या हक्कांचा मान राखणारे इंटरनेट ना-नफा संस्था उभारू शकतील, हे भाबडे स्वप्न आहे, असे मत जाणकारांतही रूढ आहे. ते सहज उडवून लावण्याजोगे नाही. म्हणून आधी पूर्वपक्ष. एक, सेवा चालवायला पैसा लागतो आणि देणग्यांवर काही टिकत नाही. दोन, लोकांना सोय हवी असते, हक्कांची चिंता मूठभरांना. तीन, जिथे मालक नाही तिथे जबाबदारही कोणी नाही.

पहिल्या आक्षेपाचा सर्वांत भक्कम पुरावा एप्रिल २०१४ चा. असंख्य संकेतस्थळांची गुपिते सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त प्रणालीत ‘हार्टब्लीड’ हा दोष सापडला आणि मोजकी माणसे तुटपुंज्या पैशांत तिची देखभाल करत असल्याचे उघड झाले. पण यातून सिद्ध काय होते? ज्या बड्या कंपन्यांचा व्यवहार तिच्या भरवशावर चालत होता, त्यांनी देखभालीचा भार उचललाच नव्हता. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने कंपन्यांनी अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला. उणीव नफ्याची नव्हती. मागे उभ्या राहणाऱ्या संस्थेची होती.

आणि नफ्याने टिकाऊपणा येतो, हे तरी कुठे खरे? गूगलने ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. ‘कू’ हे भारतीय ॲप २०२४ मध्ये बंद पडले. दोन्हींवर मराठी माणसे हौसेने लिहीत होती. मजकूर वेळेत उतरवून घेतला तर घेतला. तिथे जमलेला गोतावळा जसाच्या तसा दुसरीकडे नेण्याची वाट नव्हती.

आता सोयीचा मुद्दा. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रासाठी संकेतस्थळाच्या चालकाला पूर्वी बहुधा पैसे मोजावे लागत आणि सोपस्कारही करावे लागत. इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप या ना-नफा संस्थेने २०१५ च्या अखेरीस ‘लेट्स एनक्रिप्ट’द्वारे ते सर्वांना फुकट खुले केले. तिची यंत्रणा सर्व्हरला एक सांकेतिक मजकूर देते. सर्व्हर तो ठरलेल्या जागी फाइलमध्ये ठेवतो. यंत्रणा बाहेरून येऊन तो वाचते आणि संकेतस्थळावरचा ताबा खरा असल्याची खात्री पटली की प्रमाणपत्र देते. नूतनीकरणही आपोआप होते. २०१९ मध्ये ही पद्धत खुले प्रमाणक म्हणून प्रसिद्ध झाली आणि आज इतर संस्थाही तिच्या आधारे प्रमाणपत्रे देतात. उद्या मूळ संस्था उरली नाही, तरी पद्धत उरेल. व्हॉट्सॲपचेच पाहा. २०१६ मध्ये तिथल्या संदेशांना मिळालेले संपूर्ण कुलूपबंद संरक्षण ज्या पद्धतीवर उभे आहे, ती देणग्या-अनुदानांवर चालणाऱ्या ओपन व्हिस्पर सिस्टिम्सची. हक्क आणि सोय यांचे वैर असते, तर अब्जाहून अधिक लोकांच्या हाती ते पोचले कसे?

उरला जबाबदारीचा आक्षेप. द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेल्या ‘गॅब’ या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये मॅस्टोडॉन या, स्वतंत्र सर्व्हर एकमेकांना जोडून चालणाऱ्या समाजमाध्यमाची मुक्त प्रणाली उचलली. प्रणाली मुक्त असल्याने गॅबला कोणी अडवू शकले नाही, हे खरे. पण असंख्य सर्व्हरच्या चालकांनी गॅबशी संबंध तोडले आणि ते एकाकी पडले. हा निर्णय एका मालकाचा नव्हता. ज्याने त्याने आपापल्या सर्व्हरपुरता घेतला होता. चालकच मनमानी करू लागला तर? खाते दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते. जुना मजकूर सोबत येत नाही, ही उणीव मान्य; पण अनुयायी येतात. ज्याला सोडून जाता येते, त्याला उत्तर द्यावेच लागते. जबाबदारी ती हीच.

निवाडा वाचकांनी करावा. कसोटी एकच लावावी: चालवणारा उद्या नाहीसा झाला, तर वापरणाऱ्याच्या हाती काय उरते? ना-नफा प्रकल्पांना आज वाण आहे ती नियमित निधीची आणि पगारी देखभालीची. ती भरून काढणे कठीण आहे. जे हे अशक्य म्हणतात, त्यांनी आधी या पुराव्यांना उत्तर द्यावे.