सीओपीडी : रुग्णाला आणि घरच्यांना काय माहीत असायला हवे?

‘यांना जुना दमा आहे,’ असे नातेवाईक सांगतात. फाईलवर मात्र सीओपीडी लिहिलेले असते. हे दोन वेगळे आजार आहेत. दम्यात आकसलेल्या श्वासनलिका औषधाने बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद होतात. विडी-सिगारेट हे मोठे कारण खरे, पण वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या स्त्रियांनाही हा आजार होतो. पक्के निदान स्पायरोमेट्रीने होते, नुसत्या एक्स-रेने नाही.

आजार मुळापासून बरा होत नाही हे कळल्यावर काहीजण औषधच सोडतात. ‘पंपाची सवय लागते’ ही भीतीही असतेच. सवय लागत नाही. पंपातून मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतके थोडे औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून गोळीपेक्षा त्याचे दुष्परिणाम कमी असतात. खरी अडचण असते ती पंप घेण्याच्या पद्धतीत. फवाऱ्याचा पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, कळ दाबतानाच सावकाश आत ओढायचा आणि सुमारे 10 सेकंद श्वास रोखायचा. कोरड्या पावडरीचे औषध मात्र जोरात, खोल ओढावे लागते. (तिची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात!) स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरा. पुढच्या तपासणीला पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा.

घरी ऑक्सिजन असेल तर हे घरच्यांनी नीट वाचावे. रुग्णाला धाप लागली की घाबरून प्रवाह वाढवला जातो. सीओपीडीच्या काही रुग्णांमध्ये जादा ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. रुग्ण झोपाळतो, गोंधळतो आणि ‘आता शांत झोप लागली’ असे घरच्यांना वाटते. अशा रुग्णांसाठी ऑक्सिजनची पातळी साधारण 88 ते 92 टक्के ठेवतात. 98 चा आग्रह नको. तुमच्या रुग्णासाठीचा आकडा आणि प्रवाह डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ऑक्सिजनजवळ विडी, निरांजन, गॅसची शेगडी अजिबात नको.

धाप नेहमीपेक्षा वाढली, बेडका वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ओठ निळसर पडणे, एक वाक्यही सलग बोलता न येणे, बरळणे किंवा जागे करूनही नीट जाग न येणे यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे.