एक खूण, एक अर्थ

रात्रीं कल्याण स्थानकावर उभा असलेला प्रवासी फलकावरील एका अक्षरावर विसंबून गाडींत चढतो. तें अक्षर संदिग्ध असेल, तर बदलापूरचा मनुष्य टिटवाळ्यास पोहोंचावयाचा. म्हणून खूण निवडणें हें क्षुल्लक काम नव्हे.

१८५४ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कल्याणास आली. तेथून पुढें तिला दोन फांटे फुटले. एक ईशान्येस कसाऱ्याकडे गेला. दुसरा आग्नेयेस अंबरनाथ, बदलापूर व कर्जतकडे. उपनगरी गाड्यांच्या खुणा पाहिल्या, तर एक पेंच ध्यानांत येतो. कल्याण, कसारा, कर्जत, खोपोली, सारीं नांवें ‘के’ या अक्षरानेंच सुरू होतात. त्यांतील ‘के’ कल्याणास मिळालें. कसाऱ्यास इंग्रजींतील उत्तर दिशेचें ‘एन’, कर्जतला दक्षिणेचें ‘एस’ व खोपोलीस ‘केपी’ मिळालें. तसेंच अंबरनाथास ‘ए’, तर आसनगांवास ‘एएन’.

उल्हासनगरनें दुसरा धडा दिला. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणींत राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. शहराच्या पांच छावण्यांना क्रमांक होते. १९७२ सालीं पिनकोड सुरू झाला. त्यांत उल्हासनगरास ४२१००१ ते ४२१००५ हे अंक लाभले व शेवटचा अंक छावणीच्या क्रमांकाशीं जुळला. रूढ अर्थ मोडला नाहीं.

संगणकांतहि हाच प्रश्न उभा राहतो. युनिक्स घराण्याच्या यंत्रणेंत प्रत्येक प्रोग्राम संपतांना ० ते २५५ पैकीं एक अंक मागें ठेवतो. त्यास एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे काम सुखरूप झालें. इतर अंक अपयशाचे. पण ते सारेच मोकळे नाहींत. बॅशमध्यें १२६ म्हणजे आज्ञा सांपडली, पण चालवितां आली नाहीं. १२७ म्हणजे सांपडलीच नाहीं. बाहेरून आलेल्या संकेतानें प्रोग्राम बंद पडला, तर १२८ मध्यें त्या संकेताचा क्रमांक मिळविला जातो. पायथनमध्यें न सांवरलेली चूक झाली, कीं १ येतो. आज्ञेची मांडणी चुकली, तर २.

समजा, नोंदींची रोज रात्रीं नक्कल करणाऱ्या पायथन प्रोग्राममध्यें ‘आज नवी नोंद नाहीं’ यासाठीं १ हाच अंक ठेवला. एके रात्रीं प्रोग्राम मध्येंच कोसळतो व तोहि १ देतो. देखरेख करणारा प्रोग्राम समजतो, काम नव्हतें. नक्कल झालेलीच नसते, आणि तें कळतें तें मूळ नोंदी नष्ट झाल्यावर!

बर्कले येथील यादीनें ६४ ते ७८ हे अंक आधींच वांटून घेतले आहेत. म्हणून ३ ते ६३ या पट्ट्यांतून अंक निवडावा, त्याचा अर्थ लिहून ठेवावा, व पुढें तो बदलूं नये. फलकावरील अक्षर आणि प्रोग्रामचा अंक, दोहोंवर विसंबणाऱ्याला खुलासा विचारण्याची सवड नसते.