काचीगुडा स्टेशनजवळच्या उंच इमारती आणि आमची गल्ली

आपल्या मंडळात मागच्या वर्षी ठरलं होतं की प्रत्येकाने आपापल्या वस्तीत जुनी घरं पडून उंच इमारती कशा येतायत याची टिपणं करायची, आणि तिथे राहणाऱ्यांना त्याबद्दल काय वाटतं तेही लिहून काढायचं. माझ्या वाट्याला अर्थातच काचीगुडा आलं. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या विषयात मी तटस्थ नाही. आमच्या गल्लीतली नऊ घरं एकत्र करून एक मोठी इमारत बांधायचा प्रस्ताव घेऊन एक बिल्डर दीड वर्षापासून फिरतोय आणि त्या नऊ घरांत आमचंही आहे. तेव्हा हे टिपण वाचताना एवढं लक्षात असू द्या.

काचीगुडा स्टेशनची आजची घुमटांची इमारत 1916 सालची. मीर उस्मान अली खान गादीवर येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. निजामाच्या रेल्वेचं मुख्यालय इथंच होतं. पण आपल्या लोकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत येणारी मीटरगेज लाइन याच बाजूला येऊन थांबायची. हैदराबाद ही तेव्हा मराठवाड्याची राजधानी. खटला असो, सरकारी नोकरी असो, 1918 नंतर उस्मानियातलं शिक्षण असो, माणूस ट्रंक आणि वळकटी घेऊन काचीगुड्यालाच उतरायचा. पहिले काही दिवस नातेवाइकाकडे, मग जवळच कुठे खोली, मग जमलं तर घर. आजही इथल्या मराठी घरांत ‘आम्ही मूळचे कुठले’ हे सांगताना गावाच्या आधी स्टेशनचं नाव येतं. आमचे आजोबा सेलूचे, पण ते मानवत रोडहून गाडीत कसे बसले याचीच कथा घरात जास्त सांगितली जाते.

स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर बाकीचं जग होतं. जांबागेत 1907 मध्ये निघालेली विवेक वर्धिनी, जिच्याशी केशवराव कोरटकरांचं नाव जोडलेलं आहे. इसामिया बाजाराकडे 1922 चं मराठी ग्रंथसंग्रहालय. काचीगुड्यातच कन्नड मंडळींची नृपतुंग शाळा. नोव्हेंबर 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला. बरेच जण बदली घेऊन औरंगाबादला गेले. जे राहिले त्यांच्यात बहुतेक घरवाले होते, म्हणजे ज्यांनी इथे जागा घेतली होती ते. वस्ती कशी टिकली हे समजून घ्यायचं तर भाषेइतकाच त्या मालकीचाही विचार करावा लागतो, असं माझं मत आहे. काही मित्रांना ते पटत नाही.

आता उंचीबद्दल. लोकांचं मत विचारायला गेलो की पहिल्यांदा हमखास सुलतान बाजाराचा विषय निघायचा. ते बरोबरच आहे, कारण त्या वादाचा निकाल सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. सुलतान बाजार म्हणजे जुना रेसिडेन्सी बाजार. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या, म्हणजे नंतरच्या कोठी विमेन्स कॉलेजच्या आश्रयाने वाढलेला, निजामाच्या कायद्याच्या बाहेरचा. म्हणूनच तिथे 1892 मध्ये आर्य समाज निघाला आणि 1901 मध्ये तेलुगू मंडळींचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम. 1933 मध्ये हे बाजार निजामाकडे परत आले. या बाजारातून मेट्रोची जुबिली बस स्टेशन ते महात्मा गांधी बस स्टेशन ही लाइन न्यायची ठरली, तेव्हा दुकानदारांनी बंद पाळले, मोर्चे काढले. 2014 मध्ये नव्या राज्याच्या सरकारने इथला मार्ग बदलायचं जाहीर केलं. लोकांनी पेढे वाटले. पुढे चर्चा फिरत फिरत गाडी मूळ मार्गावरच आली आणि 7 फेब्रुवारी 2020 ला ती लाइन सुरू झाली. दीड महिन्यात कोरोनामुळे बंदही पडली, ती गोष्ट वेगळी.

बडी चावडीच्या एका कापडवाल्या काकांना मी विचारलं, डोक्यावरून गाडी जाते त्याचा त्रास होतो का? ते म्हणाले, “गाडी वर चालते हो, तिचं काय. आमचं दुकान खाली कापलं गेलं.” त्यांच्या दुकानाची खोली कमी झाली. पूर्वी गिऱ्हाइकाला बसायला गादी होती, आता गिऱ्हाईक उभं राहतं. खांब उभे करायचे तर खाली रस्ता रुंद हवा आणि रस्ता रुंद करायचा तर दोन्ही बाजूंच्या दुकानांचे पुढचे भाग जायचे. म्हणजे सगळा वाद वरून जाणाऱ्या गाडीचा म्हणून ओळखला गेला, पण भांडण खालच्या रस्त्याचं होतं. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि नंतर आमच्या गल्लीत फिरताना ते सारखं आठवत राहिलं.

कारण आमच्याकडेही तेच आहे. इथे थोडं नियमांत शिरावं लागेल. हैदराबादेत 2006 च्या बांधकाम नियमांनी एफएसआयची मर्यादाच काढून टाकली. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते चकित होतात. किती बांधायचं हे इथे प्लॉट केवढा, समोरचा रस्ता केवढा आणि भोवती मोकळी जागा किती सोडली यावर ठरतं. 2012 मध्ये आलेल्या जीओ 168 नेही तीच पद्धत ठेवली. 18 मीटरपर्यंतच्या इमारती लहान प्लॉटवर होतात, म्हणूनच गल्लोगल्ली खाली पार्किंग आणि वर पाच मजले असं चित्र दिसतं. 18 मीटरच्या वर गेलात की ती कायद्याने हायराइज. त्यासाठी किमान 2,000 चौरस मीटर जागा आणि समोर किमान 12 मीटरचा, म्हणजे चाळीस फुटी रस्ता लागतो. जास्त उंच जायचं तर रस्ता आणखी रुंद.

2,000 चौरस मीटर म्हणजे आपल्या भाषेत सुमारे 2,400 गज. आमच्याकडची घरं अडीचशे-पावणेतीनशे गजांची. म्हणून नऊ घरं. आणि म्हणून एकाने नाही म्हटलं तरी सगळं अडतं. पूर्वी शेजाऱ्याच्या घराचं काय होतंय हा शेजाऱ्याचा प्रश्न असायचा. आता तसं राहिलं नाही. गल्लीत बोलण्याची रीतच बदललीय. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलं तरी विषय तोच.

रस्त्याचं मात्र कुणी नीट बोलत नव्हतं. बिल्डरच्या कागदावर गल्ली ‘प्रस्तावित 40 फूट’ अशी दाखवलेली. वकिलाने लिंक डॉक्युमेंट्स मागितली म्हणून मी आईच्या कपाटातून आमच्या घराचं मूळ खरेदीखत काढलं. ते उर्दूत आहे, फसली 1346 चं, म्हणजे इसवी सन 1936-37. आमच्या पिढीत घरात कुणालाच उर्दू वाचता येत नाही. नामपल्लीच्या एका निवृत्त शिक्षकांनी वाचून दिलं. चतुःसीमेत पूर्वेला टांग्यांचा अड्डा आहे आणि समोरची वाट आठ गजांची. आठ गज म्हणजे चोवीस फूट. टांगा येऊन वळून जाईल एवढी. मी टेप घेऊन मोजली, आजही तेवढीच भरते, कुठे अर्धा फूट इकडेतिकडे.

चोवीसचे चाळीस करायचे तर दोन्ही बाजूंनी आठ-आठ फूट द्यावे लागतील. आमच्या बाजूचे नऊ जण आपल्या मर्जीने देतील, त्यांना वर मजले मिळणार आहेत. समोरच्यांचं काय? त्यांनी कुठेही सही केलेली नाही. त्यांच्यापैकी एका आजींच्या पुढच्या खोलीतच देवघर आहे. त्या मला म्हणाल्या, “तुम्ही वर जा रे बाबा, कितीही वर जा. पण माझ्या ओट्यावर पाय देऊन का जाता?” मला उत्तर सुचलं नाही. त्यांना रस्तारुंदीच्या बदल्यात मिळणाऱ्या टीडीआरबद्दल सांगायचा मी प्रयत्न केला. तो कागद विकता येतो म्हणालो. त्यांनी चहा पुढे केला आणि विषय बदलला.

उंच इमारतीला लोकांचा विरोध आहे असं मी गृहीत धरून निघालो होतो. तसं निघालं नाही. माझा धाकटा भाऊ मियापूरला मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनजवळ चौदाव्या मजल्यावर राहतो. टँकरचं पाणी, महिन्याचा मेंटेनन्स याबद्दल तो कुरकुरतो, पण परत खाली राहायला ये म्हटलं तर हसतो. त्याच्या मते काचीगुड्यासारखी जागा दुसरी नाही. एमएमटीएस दारात, नारायणगुडा आणि सुलतान बाजार ही दोन्ही मेट्रो स्टेशनं पायी जाण्यासारखी. अशा ठिकाणी दोन मजली घरं ठेवणं म्हणजे बाकीच्या शहराला दूर ढकलणं, असं तो म्हणतो. यात तथ्य आहे. आमच्या आजोबांना स्टेशनजवळ खोली मिळाली नसती तर आज मी हे लिहायला इथे नसतो.

गल्लीतल्या एका सुनेचं म्हणणं आणखी साधं होतं. लिफ्ट हवी. सासूबाईंचे गुडघे गेलेत, दोन वर्षं त्या वरच्या खोलीतून खाली आल्या नाहीत. जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्याचे फोटो काढायला गेलेल्या मला हे ऐकून जरा ओशाळल्यासारखं झालं.

विरोध ज्यांचा आहे त्यांना कुणी विचारत नाही. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक शिंपी तीस वर्षांपासून भाड्याने आहेत. मूळचे भैंशाचे, मराठी-तेलुगू-उर्दू तिन्ही सारख्याच सहजतेने बोलतात. बिल्डरच्या करारात मालकांना अर्धा हिस्सा आहे, बांधकाम होईपर्यंत भाडं आहे. भाडेकरूंचा उल्लेख एकाच कलमात आहे, ‘जागा रिकामी करून ताबा देणे’. ते आठ फूट जातील ते नेमके त्यांच्या मशीनवरून. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, “साहेब, तुम्ही बोलाल तसं.” हे मत म्हणून कसं नोंदवायचं, मला कळलेलं नाही. पण नोंदवलं आहे.

मंडळातले काही जण विचारतील की वारसा यादीचं काय. 1995 पासून नियमावलीत असलेलं रेग्युलेशन 13 डिसेंबर 2015 मध्ये शासनाने काढून टाकलं. 2017 मध्ये वेगळा वारसा कायदा आला. एरम मंझिल पाडायचा निर्णय 2019 मध्ये हायकोर्टाने रद्द केला, तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद केला, तो योग्यच होता. पण यादीत असतात ते महाल आणि देवड्या. स्टेशनभोवती मुनीम, कारकून, वकील, मास्तर यांनी बांधलेल्या दोन मजली घरांचा विचार मुळात कधी झालाच नाही. माहेश्वरी-परमेश्वरी टॉकीज गेली आणि तिथे मॉल आला, तेव्हा निदान लोक हळहळले. घरं जातात तेव्हा शेजारीसुद्धा बांधकामाच्या धुळीबद्दलच बोलतात.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. फोटो काढतोच आहोत, त्याबरोबर खरेदीखतांमधल्या चतुःसीमा वाचून घेऊ या. फसली सालातले उर्दू कागद घराघरांत आहेत आणि ते वाचणारी माणसं कमी होत चाललीयत. कुठे टांग्यांचा अड्डा होता, कुठे विहीर, कुठली वाट सगळ्यांची आणि कुठली एकाची, हे त्यांत लिहिलेलं आहे. ‘प्रस्तावित 40 फूट’ असं कुणी लिहून आणलं की समोर ठेवायला तेवढं तरी असेल.

आमच्या खतात त्या वाटेबद्दल आणखी एक ओळ निघाली. ती वाट दोन्ही बाजूंच्या घरांच्या सामाईक वापराची असून कुणा एकाला तिच्यात बदल करता येणार नाही, असं त्यात म्हटलंय. मी तिची प्रत समोरच्या आजींना नेऊन दिली. भावाला हे आवडलं नाही. बहीण नांदेडहून पुढच्या महिन्यात येतेय, तेव्हा तिघं बसून सहीचं ठरवू. तोपर्यंत शिंप्याची मशीन चालू आहे.