फरक किती गुणांचा? महाविद्यालयीन कबड्डीची वाटचाल

कबड्डीचा सामना एका गुणाने जातो, तसा चाळीस गुणांनीही जातो. बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालयीन कबड्डी कुठून कुठे आली हे पाहायचे, तर विजेत्यांच्या यादीपेक्षा हा फरक पाहावा, असे माझे मत आहे.

हुतूतूला, म्हणजे आजच्या कबड्डीला, नियमांची शिस्त साताऱ्यात १९२१ च्या सुमारास लागू लागली. १९२३ साली बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली. त्या काळी खेळ एक आणि प्रकार अनेक. एका प्रकारात बाद गडी लोण चढेपर्यंत, म्हणजे अख्खा संघ बाद होईपर्यंत, बाहेरच बसायचा. अमर प्रकारात गडी बाद व्हायचाच नाही, नुसता गुण लिहिला जायचा, त्यामुळे दोन्हीकडे गडी सारखेच राहत. टिकली ती संजीवनी. समोरचा बाद केला की आपला बाहेरचा गडी आत येतो. खेळ त्याने रंगतदार झाला खरा, पण दुबळ्याची घसरगुंडीही त्यातच आहे. गडी कमी म्हणून पकड जमत नाही, पकड नाही म्हणून आणखी गडी जातात, आणि लोण चढला की समोरच्याला दोन गुण वरून.

१९६१ साली आंतरविद्यापीठ मंडळाने कबड्डीला आपल्या खेळांत स्थान दिले. तेव्हा बुलढाण्याची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाखाली होती. १ मे १९८३ रोजी अमरावतीला वेगळे विद्यापीठ झाले. नागपूरपेक्षा अमरावती जवळ, एवढा फायदा झाला. तरी रेल्वे घाटाखाली, मलकापूर-शेगावकडे. घाटावरच्या लोणार किंवा देऊळगाव राजाच्या बारा पोरांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी अमरावती गाठायची म्हणजे एसटीने अख्खा दिवस.

आणि तिथे समोर कोण? अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. याच मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय याच विद्यापीठात आहे. व्यायाम हाच ज्यांचा अभ्यासक्रम ती मुले एकीकडे, आणि तास संपल्यावर शेतात जाणारी कला शाखेची मुले दुसरीकडे. नियमाने दोन्ही संघ सारखेच. यात मंडळाचा दोष काहीच नाही. पण गुणफलक कुठे झुकणार, हे नाणेफेकीआधीच दिसते.

नियम करणाऱ्यांनी मात्र दुबळ्याची कड घेतली, हे मान्य करायला हवे. वजनाची मर्यादा आली. बचाव करणाऱ्या बाजूला तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना चढाईपटू पकडला, तर अव्वल पकडीचे दोन गुण. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर बाद. मैदानाच्या कडेला बसून बघा. तीन पोरे उरलीत, एक कोपऱ्यात वाकलेला, दोघांनी हात धरून साखळी केलेली. चढाईपटू बोनसचे नावही काढू शकत नाही, कारण बोनस समोर किमान सहा गडी असतील तरच. तो निदान रेषा ओलांडून आत सरकतो, कोपऱ्यातला घोट्याला झेपावतो, साखळी अंगावर पडते. लोण टळतो, वर दोन गुण. दहाने मागे पडलेला संघ इथूनच उठतो. प्रो कबड्डीत तर २०२४ च्या हंगामापर्यंत सात किंवा कमी गुणांनी हरलेल्यालाही एक गुण मिळत असे, म्हणजे शेवटची चढाईही फुकट जात नसे.

मोठ्या फरकाचा प्रश्न एकट्या कबड्डीचा नाही. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये ७ ऑक्टोबर १९१६ रोजी जॉर्जिया टेकने कंबरलँडला २२२-० ने हरवले. कंबरलँडने आपला संघ आधीच मोडला होता. न खेळल्याचा दंड टाळण्यासाठी पोरे गोळा करून आणली होती. पुढे याच खेळात क्रमवारी लावणाऱ्या संगणकांना विजयातला फरक मोजायला मनाई करावी लागली, कारण बलाढ्य संघ विनाकारण गुण लुटू लागतील ही भीती. आपल्याकडे बाद पद्धतीत तोही प्रश्न नाही. पहिल्याच सामन्यात हरलेला संघ संध्याकाळच्या गाडीला लागतो आणि वर्षाची कबड्डी तिथेच संपते.

बुलढाणा जिल्ह्याच्याच प्रथमेश जावकरने २०२३ साली शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात जगातल्या अव्वल तिरंदाजांपैकी माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवले. म्हणजे पोरांत दम आहे. पण तिरंदाज एकटा घडतो, कबड्डीला तोलामोलाचा दुसरा संघ लागतो आणि त्याच्याशी वारंवार सामने लागतात. बादच्या आधी जिल्ह्यात साखळी सामने खेळायला मिळाले, तर फरक कमी होईल.

महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत विद्यापीठाचा कलर कोट घातलेल्या खेळाडूंचे फोटो असतात, गुण क्वचित. बुलढाणा जिल्ह्यातल्या निवृत्त क्रीडा संचालकांना आणि जुन्या खेळाडूंना विनंती: घरात पडलेली गुणपत्रके रद्दीत घालू नका, हरलेल्या सामन्यांची तर मुळीच नको. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेऊन द्या.