दोन नावे, एक श्रेय : ‘दि आर्चर्स’ची वाटचाल

ब्रिटिश चित्रपटाच्या इतिहासात ‘दि आर्चर्स’ या निर्मितिसंस्थेचे स्थान अढळ आहे. इंग्रज दिग्दर्शक मायकेल पॉवेल आणि हंगेरीत जन्मलेले पटकथाकार एमरिक प्रेसबर्गर हे या संस्थेचे दोन भागीदार. संस्थेच्या मालकीचा स्टुडिओ नव्हता. पैसा वितरकांचा आणि चित्रणाची जागा भाड्याची असे. भागीदारांचा परस्परांवरील विश्वास आणि त्यांच्याभोवती जमलेले कलावंत-तंत्रज्ञ हेच तिचे भांडवल. त्या बळावर १९४२ ते १९५७ या काळात संस्थेने जे चित्रपट घडवले, त्यांतील अनेक आज जगभरच्या चित्रपट अभ्यासक्रमांत शिकवले जातात.

पॉवेल यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०५ रोजी केंट परगण्यात, कँटरबरीजवळच्या बेक्सबर्न या गावी झाला. वडील शेतकरी होते. शिक्षणानंतर १९२२ मध्ये तरुण मायकेल बँकेत चिकटला, पण त्याचे मन आकड्यांत रमले नाही. वडिलांचे वास्तव्य दक्षिण फ्रान्समध्ये असल्याने १९२५ मध्ये नीस येथील व्हिक्टोरीन स्टुडिओत रेक्स इंग्रॅम या दिग्दर्शकाच्या हाताखाली त्याला प्रवेश मिळाला. पडेल ते काम करत तो चित्रपट शिकला. १९२८ मध्ये इंग्लंडला परतल्यावर त्याने आल्फ्रेड हिचकॉक यांच्याकडे स्थिरछायाचित्रकार म्हणूनही काम केले.

त्या काळी ब्रिटिश चित्रपटगृहांना ठरावीक प्रमाणात देशी चित्रपट दाखवणे १९२७ च्या कायद्याने बंधनकारक झाले होते. हा वाटा भरून काढण्यासाठी तासाभराचे, स्वस्तातले चित्रपट धडाक्याने निघू लागले. एका फुटाला एक पौंड असा त्यांचा ढोबळ हिशेब असे. १९३१ ते १९३६ या काळात पॉवेल यांनी असे वीसहून अधिक चित्रपट केले. वेळ आणि पैसा दोन्हींची टंचाई असताना काम कसे तडीस न्यावे, हे त्यांना या तालमीत उमगले. १९३६ मध्ये त्यांनी शेटलंड बेटांपैकी फूला या दुर्गम बेटावर महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून ‘दि एज ऑफ द वर्ल्ड’ चित्रित केला. सेंट किल्डा बेटावरील रहिवाशांनी १९३० मध्ये कायमचे घर सोडले, ती घटना या कथेच्या मुळाशी होती. हा चित्रपट पाहून निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी पॉवेल यांना करारबद्ध केले.

प्रेसबर्गर यांची वाट अधिक खडतर होती. ५ डिसेंबर १९०२ रोजी मिश्कोल्ट्स येथे ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्राग व स्टुटगार्ट येथे शिक्षण घेऊन ते बर्लिनला आले आणि ‘उफा’ या बलाढ्य कंपनीसाठी पटकथा लिहू लागले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच ज्यूंना तेथे काम उरले नाही. ते पॅरिसला गेले आणि १९३५ मध्ये लंडनला पोहोचले. इंग्रजी त्यांना नव्याने शिकावी लागली. मागे राहिलेल्या आईचा पुढे आउश्वित्झच्या छळछावणीत अंत झाला.

कोर्डा यांनीच या दोघांची गाठ घालून दिली. ‘द स्पाय इन ब्लॅक’ या चित्रपटासाठी एक कादंबरी घेतली होती, पण पटकथेत काही केल्या जीव येत नव्हता. प्रेसबर्गर यांनी बैठकीत मूळ कथा जवळजवळ उलटीपालटी करून मांडली. आपल्याला हवा असलेला लेखक हाच, हे पॉवेल यांनी तिथेच ओळखले. १९३९ मध्ये हा चित्रपट झळकला आणि यशस्वी ठरला. पाठोपाठ ‘काँट्राबँड’ आला. १९४१ मध्ये ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाच्या साहाय्याने, बराचसा कॅनडात चित्रित केलेला ‘फोर्टी-नाइन्थ पॅरलल’ प्रदर्शित झाला. त्याच्या मूळ कथेसाठी प्रेसबर्गर यांना ऑस्कर मिळाले.

संस्थेचा पाया १९४२ मध्ये घातला गेला. त्या वर्षीच्या ‘वन ऑफ अवर एअरक्राफ्ट इज मिसिंग’ या चित्रपटावर लेखन, निर्मिती व दिग्दर्शन या तिन्ही कामांचे श्रेय दोघांच्या नावे एकत्रितपणे देण्यात आले. दिग्दर्शकाचे नाव मोठे आणि लेखकाचे कोपऱ्यात, ही चित्रपटधंद्याची रूढी. ती या संयुक्त श्रेयाने मोडली. प्रत्यक्षात कथेचा पहिला खर्डा प्रेसबर्गर करीत, मग तो दोघांत फिरून आकार घेई. सेटवर पॉवेल उभे राहत. संकलन आणि संगीतावर प्रेसबर्गर यांची बारीक नजर असे. मात्र यशापयश दोघांचे समान. याच सुमारास अभिनेत्री वेंडी हिलर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली पाच सूत्रे मांडली. पैसा पुरवणाऱ्याला तोटा होऊ न देणे एवढेच बंधन मानायचे; फिल्मच्या फुटाफुटाची जबाबदारी स्वतः घ्यायची; काळाच्या एक वर्ष पुढे असायचे; वास्तवापासून पळ काढणारी करमणूक कलावंताने मानायची नाही; आणि नटापासून सामान लावणाऱ्या कामगारापर्यंत सर्वांचा स्वाभिमान चित्रपटाच्या आशयावर अवलंबून असतो, हे विसरायचे नाही. १९४३ मध्ये ‘दि आर्चर्स’ची रीतसर स्थापना झाली. लक्ष्यावर येऊन रुतणारा बाण हे बोधचिन्ह प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले.

पहिली मोठी परीक्षा लगेचच आली. ‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प’ या चित्रपटात एक इंग्रज सेनाधिकारी आणि एक जर्मन अधिकारी यांची चाळीस वर्षांची मैत्री रंगवली होती. ऐन महायुद्धात सैन्याची थट्टा आणि शत्रूविषयी सहानुभूती पंतप्रधान चर्चिल यांना रुचली नाही. हा चित्रपट थांबवता येईल का, अशी विचारणा त्यांनी केली. तसा अधिकार सरकारकडे नाही, असे उत्तर मिळाले. मात्र प्रमुख भूमिकेसाठी हवे असलेले लॉरेन्स ऑलिव्हिए यांना नौदलाच्या सेवेतून सोडण्यात आले नाही आणि लष्कराचे साहाय्यही नाकारण्यात आले. ती भूमिका रॉजर लिव्हसे यांनी केली. डेबोरा कर यांनी तीन वेगवेगळ्या स्त्रिया साकारल्या. व्हिएन्नातून आलेले अँटन वॉलब्रुक जर्मन अधिकारी झाले. ब्रिटनमध्ये आसरा मागणाऱ्या या वृद्ध जर्मनाच्या निवेदनात निर्वासित प्रेसबर्गर यांचा अनुभव उतरला आहे. जून १९४३ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि चांगला चालला. परदेशी पाठवताना मात्र त्याची बरीच काटछाट झाली.

१९४४ चा ‘अ कँटरबरी टेल’ हा पॉवेल यांनी आपल्या मायभूमीला केलेला नमस्कार होता. बॉम्बहल्ल्यांत होरपळलेल्या कँटरबरी शहरात त्याचे चित्रण झाले. कॅथेड्रलचा अंतर्भाग कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे यांनी स्टुडिओत हुबेहूब उभारला. अमेरिकन सार्जंटच्या भूमिकेसाठी जॉन स्वीट हा खराखुरा सार्जंट घेतला. तिकीटबारीवर हा चित्रपट पडला. संस्था खचली नाही. पुढच्या कथेसाठी टेक्निकलरचे कॅमेरे मिळेनात, म्हणून मधल्या काळात कृष्णधवल ‘आय नो व्हेअर आय एम गोइंग!’ हाती घेतला. त्याचे कथानक स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर घडते. नायक लिव्हसे लंडनच्या नाटकात अडकलेले असल्याने तिकडे फिरकूच शकले नाहीत. त्यांच्या चालीची नक्कल शिकवलेला बदली माणूस दूरच्या दृश्यांत वावरला आणि जवळची दृश्ये स्टुडिओत घेतली. १९४५ मधील हा चित्रपट पाहताना ही जोडणी कुठेही जाणवत नाही.

१९४६ ते १९४८ हा संस्थेचा सुवर्णकाळ. निर्माते जे. आर्थर रँक यांच्या छत्राखाली तिला जवळपास पूर्ण मोकळीक होती. ब्रिटन-अमेरिका संबंधांवर चित्रपट करा, या सरकारी सूचनेतून ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ निघाला. मरणाच्या दारात उभा असलेला वैमानिक आणि परलोकातील न्यायालय असा त्याचा विषय. पृथ्वी रंगीत आणि परलोक रंगहीन ठेवण्याची कल्पना धाडसी होती. दोन्ही लोकांना जोडणारा सरकता जिना सांगून बनवून घेतला. त्याला १०६ पायऱ्या होत्या, प्रत्येक पायरी वीस फूट रुंद, आणि बारा अश्वशक्तीच्या इंजिनावर तो चाले. बांधायला तीन महिने लागले. यंत्राचा खडखडाट एवढा, की जिन्यावरचे संवाद नंतर ध्वनिमुद्रित करावे लागले. छायालेखक जॅक कार्डिफ यांचे येथे प्रमुख म्हणून पदार्पण झाले. १ नोव्हेंबर १९४६ रोजी झालेल्या पहिल्या शाही चित्रपट खेळाचा मान याच चित्रपटाला मिळाला.

१९४७ चा ‘ब्लॅक नार्सिसस’ रूमर गॉडन यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. हिमालयातील एका जुन्या राजवाड्यात जोगिणींनी थाटलेल्या मठाची ही कथा. भारतात पाऊल न टाकता, पाइनवुड स्टुडिओत आणि ससेक्समधील एका उद्यानात हिमालय उभा राहिला. कड्याच्या टोकावरची घंटा स्टुडिओच्या जमिनीवर होती आणि तिच्याखालची खोल दरी पर्सी डे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगवलेली होती. तरुण राजपुत्राचे काम म्हैसूरच्या हत्तीखान्यातून जागतिक पडद्यावर पोहोचलेल्या साबू यांनी केले. भारतीय व्यक्तिरेखांपैकी काही इंग्रज कलावंतांनी रंग फासून केल्या, ही गोष्ट आज खटकते आणि ती नोंदवायलाच हवी. परक्या भूमीवर हुकमत गाजवायला आलेल्यांनी अखेर माघार घ्यावी, असे सांगणारा हा चित्रपट भारताच्या स्वातंत्र्याच्याच वर्षी पडद्यावर आला. कार्डिफ यांना छायालेखनाचे आणि युंगे यांना कलादिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले.

१९४८ चा ‘द रेड शूज’ म्हणजे कलेसाठी सर्वस्व पणाला लावणाऱ्या नर्तिकेची कथा. अभिनेत्रीला नाच शिकवण्याऐवजी मोइरा शिअरर या कसलेल्या बॅले नर्तिकेलाच नायिका केले. चित्रपटाच्या मध्यावर सुमारे सतरा मिनिटांचा अखंड बॅले ठेवण्याचे धाडस त्यापूर्वी कोणी केले नव्हते. हाइन हेकरॉथ यांनी तो आधी चित्रांत रंगवला, ब्रायन ईझडेल यांनी संगीत दिले आणि रॉबर्ट हेल्पमन यांनी नृत्यरचना केली. खर्च वाढला आणि तयार चित्रपट पाहून रँक कंपनीचे अधिकारी निराश झाले. ब्रिटनमध्ये त्याला गाजावाजा करून प्रदर्शित केलेच नाही. पण न्यूयॉर्कच्या बिजू थिएटरात तो दोन वर्षांहून अधिक काळ मुक्कामाला राहिला. कलादिग्दर्शन आणि संगीत अशी दोन ऑस्कर त्याने मिळवली.

रँकशी संबंध तुटले आणि संस्था पुन्हा कोर्डा यांच्याकडे आली. ‘द स्मॉल बॅक रूम’ समीक्षकांना आवडला, पण प्रेक्षकांनी उचलून धरला नाही. ‘गॉन टू अर्थ’वरून अमेरिकन निर्माते डेव्हिड ओ. सेल्झनिक यांच्याशी कोर्टकज्जा झाला आणि अमेरिकेत तो चित्रपट मोडतोड होऊन, नाव बदलून लागला. १९५१ मध्ये ‘द टेल्स ऑफ हॉफमन’ने ही मरगळ झटकली. टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली संपूर्ण ऑपेरा आधी ध्वनिमुद्रित करून त्यावर चित्रण केलेल्या या चित्रपटाला कान महोत्सवात विशेष पारितोषिक मिळाले. त्यानंतर मात्र भांडवल मिळणे अवघड होत गेले. १९५६ चा ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ लोकप्रिय ठरला, तरी संस्थेची वेगळी वाट तोवर अरुंद झाली होती. १९५७ मध्ये ‘इल मेट बाय मूनलाइट’ पूर्ण करून दोघांनी सामोपचाराने भागीदारी संपवली.

पुढची वर्षे कठीण गेली. १९६० मध्ये पॉवेल यांनी स्वतंत्रपणे केलेल्या ‘पीपिंग टॉम’वर ब्रिटिश समीक्षक तुटून पडले. चित्रपटगृहांतून तो लवकरच उतरला आणि मायदेशात पॉवेल यांना काम मिळणे जवळजवळ बंद झाले. त्यांनी ऑस्ट्रेलियात जाऊन चित्रपट केले. त्यांपैकी १९६६ च्या ‘दे आर अ वियर्ड मॉब’ची पटकथा प्रेसबर्गर यांनी टोपणनावाने लिहिली. संस्था मिटली होती, स्नेह टिकून होता.

पुनरुज्जीवन घडवले ते चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी. लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरने १९७८ मध्ये या चित्रपटांचा मोठा महोत्सव भरवला. इयन क्रिस्टी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचे नव्याने मूल्यमापन केले. अमेरिकेत लहानपणी टेलिव्हिजनवर हे चित्रपट पाहून वाढलेले मार्टिन स्कोर्सेसी पॉवेल यांना शोधत इंग्लंडला आले आणि १९७९ मध्ये ‘पीपिंग टॉम’ न्यूयॉर्कमध्ये सन्मानाने दाखवला गेला. १९८१ मध्ये दोघा भागीदारांना ‘बाफ्टा’ने आपला सर्वोच्च सन्मान दिला. प्रेसबर्गर ५ फेब्रुवारी १९८८ रोजी आणि पॉवेल १९ फेब्रुवारी १९९० रोजी निवर्तले. पॉवेल यांच्या पत्नी, नामवंत संकलक थेल्मा शूनमेकर, आणि प्रेसबर्गर यांचे नातू केव्हिन मॅकडोनाल्ड यांनी हा वारसा निष्ठेने जपला.

जतनाचे कामही नेटाने झाले. कापाकापी झालेला ‘कर्नल ब्लिम्प’ पूर्ववत करण्यात आला. ‘द रेड शूज’ची पुनर्संस्कारित प्रत २००९ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. २०२३ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने या चित्रपटांचा देशव्यापी महोत्सव योजला. २०२४ मध्ये डेव्हिड हिंटन दिग्दर्शित ‘मेड इन इंग्लंड’ हा माहितीपट आला, त्याचे निवेदन स्कोर्सेसी यांचे आहे.

केंटच्या शेतकऱ्याचा मुलगा, हंगेरीचा निर्वासित, जर्मन कलादिग्दर्शक, व्हिएन्नाचा नट आणि म्हैसूरचा साबू अशा अनेकांच्या हातांतून इंग्लंडचे सर्वांत अस्सल चित्रपट घडले. पंधरा वर्षे चाललेली ही संस्था बंद होऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला, पण तिचे काम शिळे झालेले नाही. काळाच्या एक वर्ष पुढे राहण्याचे ठरवून निघालेली ही माणसे प्रत्यक्षात कित्येक दशके पुढे होती, असा निर्वाळा काळानेच दिला आहे.